दांडी आणि हुकाच्या मधलं बोट

मुंबईच्या विमानतळावर खिडकीची जागा मिळाली आणि विमान सुटायला वेळ असला, की खाली बघावं. सामानाचा छोटा ट्रॅक्टर, तिथल्या भाषेत टग, हळूहळू मागे येतो. लोडर वाकतो, डॉलीची, म्हणजे सामान वाहणाऱ्या बिनइंजिनाच्या गाडीची, उभी दांडी खाली घेतो, तिच्या टोकाचं कडं टगच्या हुकात बसवतो आणि वरून पिन टाकतो. दोन-तीन सेकंदांचं काम. तेवढा वेळ त्याची बोटं दोन लोखंडांच्या मधे असतात.

बऱ्याच डॉल्यांची दांडी उभी असताना ब्रेक लागलेला असतो, आडवी केली की सुटतो. म्हणजे बोटं फटीत जातात नेमकी तेव्हाच गाडी मोकळी झालेली असते.

आता थोडा हिशेब. मोठ्या विमानांच्या पोटात जाणारा एलडी-३ जातीचा कंटेनर भरल्यावर १,५८८ किलोपर्यंत जाऊ शकतो. आपण डॉलीसकट दीड टनच धरू आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर. रमतगमत चालणारा माणूसही याहून भराभर जातो. तरी या गाडीतली ऊर्जा २३ किलोची बॅग ८० सेंटीमीटरवरून सोडावी एवढी भरते. बॅग निदान मऊ असते, इथे लोखंडाची कड आहे. ही गाडी एका सेंटीमीटरच्या आत अडली, तर मधे सापडलेल्या वस्तूवर सरासरी जवळपास दोन टनांचा भार येतो.

‘लक्ष नव्हतं त्याचं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण स्पर्श जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. बोटाची जाडी दीड सेंटीमीटर. तेवढं अंतर ही डॉली ०.०३ सेकंदात कापते. कळ मेंदूपर्यंत पोचेस्तोवर बोट चेमटून झालेलं असतं. म्हणून मला सावधगिरीच्या पाट्यांपेक्षा ज्या टगमध्ये पिन लांबच्या दांड्याने उचलता येते, तो टग जास्त शहाणा वाटतो.

बोटाची गंमत अशी, की त्यात हालचाल करणारा स्नायूच नसतो. मूठ वळवणारे दणकट स्नायू कोपराखाली, मनगटाच्या वर बसलेले. तिथून कंडरांच्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारखा कारभार. दोऱ्या अरुंद बोगद्यांतून सरकतात. बोट चेंगरलं, की हाड जुळून येतं, पण बोगद्यात कंडरा चिकटून बसते आणि मग बोट वळत नाही. एक्स-रे छान दिसतो आणि माणसाला बॅगेचा पट्टा धरता येत नाही.

हातमोजे? खरचटणं आणि कापणं यापासून वाचवतात, चेंगरण्यापासून फारसे नाही. हातमोज्यांच्या ईएन ३८८ या युरोपीय मानकात २०१६ साली आघाताची चाचणी आली. ती पार केलेल्या मोज्यावर ‘पी’ अक्षर असतं. पण चाचणी होते बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांच्या भागावर. शेवटचं पेर, जे सगळ्यात आधी फटीत जातं, ते या चाचणीत येतच नाही. शिवाय बेल्टच्या फिरत्या रोलरजवळ सैल मोजा उलट हाताला आत खेचतो. अंगठीचंही तेच: ती अडकली आणि अंगाचं वजन खाली गेलं, की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

एक जखम मात्र फसवी. हायड्रॉलिकच्या, म्हणजे जबर दाबाखालचं तेल नेणाऱ्या नळीला बारीक छिद्र पडलं आणि कुणी बोट फिरवून गळती शोधायला गेलं, तर तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर दिसतं सुईच्या टोकाएवढं भोक, दुखणंही आधी बेताचंच. आत तेल त्याच बोगद्यांतून तळव्याकडे पसरत असतं. इथे मलम लावून घरी पाठवणं म्हणजे बोट घालवणं. काही तासांत शस्त्रक्रिया लागते.

आणि बोट तुटलंच तर? ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पहिल्यांदा जोडला तो जपानमधल्या नारा इथे, कोमात्सु आणि तामाई यांनी, १९६५ साली. तुटलेला दंड रक्ताविना साधारण सहा तासांत हातचा जातो, कारण स्नायू ऑक्सिजनशिवाय लवकर मरतो. बोट नीट थंड ठेवलं तर चोवीस तासही तग धरतं. त्यात स्नायू नाही ना, म्हणून.