बर्ड फ्लूची वंशावळ: पाणपक्षी ते गोठा

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, तेव्हा एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. कोंबड्यांचा म्हणून माहीत असलेला हा रोग मुळात कुठला, याचा माग काढायला संशोधकांना अर्धशतकाहून अधिक काळ लागला आहे.

१९५५ मध्ये जर्मनीत वेर्नर शेफर यांनी दाखवून दिले की, कोंबड्यांची जुनी ‘फाउल प्लेग’ची साथ म्हणजे इन्फ्लुएन्झा ‘ए’ या फ्लूच्या विषाणूचीच. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि हा विषाणू रानपक्ष्यांतही सापडला. पुढच्या दशकात कळले की, रानबदकांच्या आतड्यात त्याचे नाना प्रकार सुखाने नांदतात. बदक सहसा आजारी पडत नाही. विष्ठेतून विषाणू तळ्यात पसरत राहतो.

या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन प्रकार शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ मध्ये पुण्याला ज्या स्वाइन फ्लूने हादरवले, त्याचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूचे होते आणि दोन युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या. त्याचे पूर्वज डुकरांत कित्येक वर्षे फिरत होते, पण तपासणीच इतकी विरळ की कुणाच्या नजरेस आले नाहीत.

आजच्या एच५एन१चे मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या एका पाळीव हंसात सापडते. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, सहा दगावली. २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर पट्टकादंब या रानहंसांसह हजारो रानपक्षी मेले. तिथल्या विषाणूत एक बारीकसा बदल होता. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; विषाणूच्या पीबी२ या प्रथिनात ६२७ व्या जागी पक्ष्यांच्या विषाणूत सहसा ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल असते; इथे लायसिन होते. या एका बदलामुळे विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशींत अधिक जोमाने वाढतो, आणि हा बदल सापडला तो पक्ष्यांत! फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत भारतातला पहिला उद्रेक झाला, तो याच चिंगहाई शाखेचा. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांचे त्यात कंबरडे मोडले.

माझ्या मते या इतिहासातली खरी उणीव प्रयोगशाळेत नाही, नमुन्यांत आहे. पक्षी मेले, डुकरे खोकली, की मग माणसे धावतात. धडधाकट दिसणाऱ्या जनावरांची तपासणी फार कमी होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास व कॅन्ससच्या दुभत्या गाईंत एच५एन१ सापडला. जनुकक्रम जुळवल्यावर दिसले की, विषाणू रानपक्ष्यांतून बहुधा एकदाच गाईंत उतरला होता आणि पुढे गाईकडून गाईकडे गेला. तो उतरला २०२३ च्या अखेरीस, म्हणजे रोगाचे निदान होण्याआधी काही महिने तो गोठ्यांतून फिरतच होता.