झोपेनंतरचा थकवा

सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग आंबलेले राहणे, डोळ्यांवरची झापड न उतरणे आणि दुपारी बसल्या जागी पेंग येणे, अशी ही अवस्था. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. गजराने गाढ झोपेतून उठवल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटे वाटणारी जडता यात मोडत नाही. ती धडधाकट माणसालाही येते.

झोप किती तास झाली यावर तिचा कस ठरत नाही. रात्रभरात सुमारे ९० मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात. पूर्वरात्री गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, तर पहाटे स्वप्नांच्या झोपेचा. ही वीण मध्येच उसवत राहिली, तर घड्याळात आठ तास भरतात आणि शरीराला विसावा मिळत नाही.

वीण उसवणारे एक प्रमुख कारण म्हणजे स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू काही सेकंदांपुरता जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड मानतात. श्वास अर्धवट अडण्याचे प्रसंगही मोजणीत धरले जातात. तासाला ३० किंवा अधिक खंड म्हणजे तीव्र आजार. हिशेब केला तर सात तासांत २१० वेळा जाग, आणि सकाळी त्यातली बहुधा एकही आठवत नाही. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वाधिक शिथिल असल्याने अनेकांचे खंड तेव्हाच वाढतात. म्हणजे जिला आपण साखरझोप म्हणतो, नेमकी तीच नासते.

आपल्याकडे घोरणे हे ढाराढूर झोपेचे लक्षण समजले जाते. हा समज महागात पडतो. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. पण घोरता घोरता अचानक शांतता आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, हे वर्णन ऐकले की डॉक्टर सावध होतात. ते बहुधा रुग्ण नव्हे, शेजारी झोपणारी व्यक्ती सांगते. स्त्रियांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा आणि निद्रानाशाची तक्रार पुढे येते, त्यामुळे निदान राहून जाते. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो. लठ्ठपणा, मद्य आणि उताणे झोपणे यांनी त्रास बळावतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचा उल्लेख केल्याने हे नाव घरोघरी पोचले.

निदानासाठी रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास आणि प्राणवायू नोंदवणारी तपासणी करतात. नाकावरच्या मुखवट्यातून दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार. सिडनीतील कॉलिन सुलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर तीव्र आजारावर गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होता.

‘थकवा’ या एका शब्दात दोन तक्रारी मिसळतात: डुलकी लागणे आणि अंगात त्राण नसणे. पहिली झोपेच्या बिघाडाकडे बोट दाखवते. दुसरीत झोप चांगली असूनही रक्तक्षय, थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह किंवा नैराश्य असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा अशा तक्रारीत हिमोग्लोबिनची साधी तपासणी आधी करणे शहाणपणाचे. लोहाची कमतरता कधी झोपेलाही हात घालते: रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, हलवले की तेवढ्यापुरता आराम पडतो. घरात याला ‘पाय वळवळतात’ म्हणून सोडून दिले जाते. लोह भरून काढल्यावर पुष्कळांचा त्रास कमी होतो.