मूकपटातली माणसं खरंच इतकी तुरुतुरु चालायची का?

आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: मूकपटांच्या काळी कॅमेरे कच्चे होते, म्हणून त्यातली माणसं पळाल्यासारखी दिसतात. असं वाटणं साहजिक आहे, आपण ते सिनेमे तसेच पाहिलेत.

पण दोष कॅमेऱ्याचा नाही. तेव्हा कॅमेरा बहुधा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं), पुढेपुढे जास्तही. बोलपट आले आणि २४ हा वेग ठरून गेला. आता १८ने टिपलेली फिल्म २४ने दाखवली, की आठ सेकंदांचं चालणं सहा सेकंदांत उरकतं. बस्स, इतकंच.

पडताळायचंय? मोबाइलवर असा सिनेमा लावा, वेग ०.७५ करा आणि आमच्या सुरसागर तलावाच्या काठी संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या चालीशी ताडून बघा. (काही विनोदी प्रसंग मुद्दामच वेगवान ठेवलेले असत. शिवाय नीट दुरुस्त केलेल्या प्रतीत वेग आधीच जुळवलेला असतो, तिथे हा प्रयोग फसेल.)

मी हे केलं तेव्हा एका बाईच्या चेहऱ्यावर रडू हळूहळू कसं दाटत गेलं, ते दिसलं. आधी तिथे मी हसलो होतो.