दर दोन तासांनी कूस

बीबीसीने २०१२ च्या उन्हाळ्यात, लंडन पॅरालिम्पिकच्या तोंडावर, ‘द बेस्ट ऑफ मेन’ हा दूरचित्रवाणीपट दाखवला. एडी मार्सन यांनी त्यात डॉ. लुडविग गुटमन साकारले आहेत. व्हीलचेअरवरच्या खेळांचा जन्म कसा झाला, याची गोष्ट म्हणून तो ओळखला जातो. पण मला विचाराल तर खरी क्रांती मैदानाच्या आधी खाटेवर झाली.

१९१७ मध्ये गुटमन जर्मनीतल्या एका रुग्णालयात मदतनीस होते. पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथे आला. याच्या नोंदी लिहायची तसदी घेऊ नकोस, काही आठवड्यांत जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं. पाच आठवड्यांत तो गेलाही. पुढे गुटमन नामवंत मेंदू-मज्जातज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली आणि १९३९ मध्ये बायकामुलांसह इंग्लंड गाठावं लागलं. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात, युद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला.

तो खाणकामगार कशाने गेला? मज्जारज्जू तुटला म्हणून माणूस लगेच मरतोच असं नाही. हे वाचता वाचता तुम्हीही नकळत एक-दोनदा बूड सरकवलं असेल. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथल्या केशवाहिन्यांमधलं रक्त थांबतं, कातडी कुरकुरते आणि आपण हलतो. मज्जारज्जू तुटलेल्या माणसापर्यंत ही कुरकुर पोहोचतच नाही. माकडहाडापाशी आधी लाल चट्टा उठतो, मग कातडी काळी पडते, मग जखम थेट हाडापर्यंत जाते. दुसरीकडे मूत्राशय नीट रिकामं होत नाही, तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि मूत्रपिंडांपर्यंत चढतात. या दोन वाटांनी जंतू रक्तात शिरले की माणूस हातचा जायचा.

गुटमन यांनी रुग्णांची प्लास्टरची कवचं काढायला लावली आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घालून दिला. दिवसा आणि रात्रीही. सुरुवातीला रात्री स्वतः वॉर्डात फिरून ते तो पाळला जातोय का, हे पाहत. कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, घालताना काटेकोर निर्जंतुकता पाळली जाऊ लागली. यात चमत्कारिक औषध कोणतंच नव्हतं. पेनिसिलिनची मदत झाली, पण ज्याची कूस कुणी बदलत नाही, त्याला पेनिसिलिन किती पुरणार? त्या रात्रपाळीच्या परिचारिका आणि वॉर्डातले मदतनीस यांची नावं इतिहासात फारशी सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

माणसं जगू लागली, तेव्हा पुढचा प्रश्न आला: जगून करायचं काय? कमरेखालचं काही जाणवत नसेल, तर नुसतं ताठ बसणंही अवघड. इथे शरीररचनेतली एक सोय कामी आली. पाठीवर दोन्ही बाजूंना पसरलेला एक रुंद स्नायू आहे. त्याच्या नसा मानेतून निघतात, पण त्याचं खालचं टोक थेट कटीच्या हाडाला जोडलेलं असतं. म्हणजे इजा छातीच्या पातळीला झाली तरी हा स्नायू शाबूत राहतो आणि निर्जीव झालेल्या कमरेची खबर वर पोहोचवतो. गुटमन यांनी त्याला तालमीत घेतलं. धनुष्य ताणताना तो कामाला लागतो, तोलही सुधारतो. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ खेळाडूंनी, त्यांत दोन स्त्रिया, व्हीलचेअरवरून बाण सोडले. बारा वर्षांनी रोममध्ये, पहिलं पॅरालिम्पिक मानल्या जाणाऱ्या स्पर्धेसाठी, २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी मणक्यात अडकली. १९७२ च्या पॅरालिम्पिकसाठी ते गेले हायडेलबर्गला, म्हणजे गुटमन यांना परागंदा व्हावं लागलं त्याच जर्मनीत. तिथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पोहताना हात पाणी मागे ओढतो, तेव्हा जोर लावणारा मुख्य स्नायू पाठीवरचा तोच रुंद स्नायू असतो.