ग्रँटचेस्टर

इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातील नदीकाठचे एक लहान गाव. लोकसंख्या सु. ५४० (२०११). केंब्रिज शहराच्या नैर्ऋत्येस सु. ३ किमी.वर, केम नदीच्या पश्चिम तीरावर ते वसले आहे. शहराच्या वरच्या अंगाच्या प्रवाहाला जुन्या नावाने ग्रँटा म्हणण्याची रीत अजून टिकून आहे. गावापासून जवळच बोर्न ब्रुक हा ओढा नदीला मिळतो. तेथील डोहाला कवी बायरनचे नाव पडले आहे. केंब्रिजला शिकत असताना तो येथे पोहायला येत असे, अशी समजूत आहे.

नावाचा प्रश्न : ग्रँटचेस्टरविषयी सर्वांत जास्त वाद झाला तो त्याच्या नावावरून. आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने पुढील हकिकत नोंदवली आहे. ईलीच्या मठाची संस्थापक एथेलथ्रिथ इ. स. ६७९ मध्ये वारली. सोळा वर्षांनी तिची बहीण व उत्तराधिकारी सेक्सबर्ग हिने तिचे अवशेष चर्चमध्ये हलवायचे ठरवले. ईली हा दलदलीने वेढलेला प्रदेश असल्याने तेथे मोठा दगड मिळत नसे, म्हणून काही मठवासी नावेने शोधास निघाले. ‘ग्रँटाकेस्टिर’ नावाच्या एका ओसाड, छोट्या नगरापाशी ते पोचले आणि तेथे तटाजवळ त्यांना झाकणासह पांढऱ्या संगमरवरी दगडाची सुबक शवपेटी सापडली.

हे ओसाड नगर म्हणजेच आजचे ग्रँटचेस्टर, असे जुने अभ्यासक दीर्घकाळ मानत आले. दोन्ही नावांतील साम्य इतके उघड आहे की तसे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय ‘चेस्टर’ हा शब्द लॅटिन ‘कास्त्रा’ (छावणी) याच्यापासून आलेला. तेव्हा गावाखाली रोमन कोट असणार, असेही गृहीत धरले गेले. मात्र १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (राजाने करवलेल्या देशभरातील जमीनजुमल्याच्या नोंदीत) गावाचे नाव ‘ग्रँटसेते’ अशा रूपात येते. त्यातील ‘सेते’ या पदाचा अर्थ वस्ती करून राहिलेले लोक. सॉमरसेट आणि डॉर्सेट या परगण्यांच्या नावांच्या शेवटी हेच पद आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘ग्रँटाकाठचे वसाहतकार’ असा होतो. ‘चेस्टर’ हे रूप नंतर, बहुधा इतर प्रसिद्ध चेस्टरांच्या अनुकरणाने, रूढ झाले. डब्ल्यू. डब्ल्यू. स्कीट याने विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजशायरच्या स्थलनामांचा अभ्यास केला, तेव्हापासून भाषाशास्त्रज्ञांचा कल या बाजूला आहे.

बीडचे नगर मग कोणते? ते आजच्या केंब्रिजमधील कॅसल हिल या टेकडीवरचे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे तटबंदीचे रोमन नगर होते, हे उत्खननांवरून ठाऊक आहे. संत गुथलॅकच्या आठव्या शतकातील चरित्रातही ग्रँटा नदीजवळच्या ‘ग्रोंटे’ नावाच्या कोटाचा उल्लेख येतो. नावेच्या प्रवासाचा पुरावा मात्र दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, कारण दोन्ही जागा एकाच प्रवाहावर आहेत; तो निर्णायक मानू नये. या शहराचेही जुने नाव ‘ग्रँटेब्रिज’ (ग्रँटावरील पूल) असेच होते. ते बदलत ‘केंब्रिज’ झाले आणि त्या नव्या रूपावरून नदीला ‘केम’ हे नाव मागाहून मिळाले. पुलाने नदीचे नाव बदलले, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे. गावाने मात्र पहिल्या अर्ध्या भागात नदीचे मूळ नाव जपले आहे.

इतिहास : मध्ययुगापासून गावावर केंब्रिजच्या महाविद्यालयांचा प्रभाव राहिला. येथील चर्चमध्ये पाद्री नेमण्याचा हक्क चौदाव्या शतकात कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाकडे गेला. चर्चचा वेदीकडील भाग त्याच शतकातला असून त्याचे खिडक्यांचे काम मुद्दाम पाहण्याजोगे आहे. पंधराव्या शतकात किंग्ज महाविद्यालयाने येथे जमीनजुमला मिळवला. नदीकाठची कुरणे अजून त्याच्याच मालकीची आहेत, आणि गाव व शहर यांच्यामधली मोकळी जागा टिकण्यामागे हेही एक कारण आहे. जुनी पाणचक्की १९२८ मध्ये आगीत नष्ट झाली. तिच्याजवळील मिल हाउसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तत्त्वज्ञ ए. एन. व्हाइटहेड राहत असे व बर्ट्रंड रसेल त्याच्याकडे मुक्कामाला येई.

१८६८ मध्ये लावलेल्या एका फळबागेत १८९७ पासून विद्यार्थ्यांना झाडांखाली चहा मिळू लागला. कवी रुपर्ट ब्रुक १९०९ मध्ये तेथे राहण्यास आला आणि पुढे शेजारच्या जुन्या पाद्रीनिवासात गेला. १९१२ मध्ये बर्लिनमध्ये असताना त्याने गावाच्या ओढीने एक कविता लिहिली. तीत चर्चच्या घड्याळात तीनला दहा कमी आहेत का, असे तो विचारतो. १९१५ मध्ये युद्धावर जाताना तो आजाराने वारला. चर्चच्या आवारातील स्मृतिस्तंभावर गावच्या इतर मृतांच्या बरोबरीने त्याचेही नाव आहे.

लोकसंख्या : डूम्सडेमध्ये कुटुंबप्रमुखांची गणना आहे, माणसांची नव्हे; त्यावरून काढलेले आकडे अंदाजच समजावेत. १८०१ पासून जनगणना दर दहा वर्षांनी (१९४१ चा अपवाद) होत आली, पण तिचे आकडेही सरळ ताडून पाहता येत नाहीत. केंब्रिजच्या अधिछात्रांना (महाविद्यालयांच्या विद्वान सदस्यांना) १८८२ च्या नियमांनी विवाहाची सर्वसाधारण मुभा मिळाल्यावर त्यांच्या कुटुंबांसाठी शहराच्या पश्चिमेस नवी घरे उभी राहिली. न्यूनहॅमच्या बाजूची अशी काही वस्ती ग्रँटचेस्टरच्या हद्दीत होती. १९१२ मध्ये तो भाग शहरात घेतला गेला. त्यामुळे त्याआधीच्या जनगणनांत गाव वाढत असल्याचे दिसते ते बव्हंशी उपनगराचे वाढणे आहे, आणि पुढची घट म्हणजे गाव उठल्याची खूण नव्हे. आजचे गाव केंब्रिजभोवतीच्या हरितपट्ट्यात असल्याने नव्या बांधकामाला फारसा वाव नाही.

दर माणशी नोबेल पारितोषिकविजेत्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक याच गावात आहे, असे विधान वारंवार छापले जाते. विद्यापीठाचे सान्निध्य पाहता येथे थोर शास्त्रज्ञ राहणे नवलाचे नाही. पण पाचशेच्या आसपास वस्तीत दोन-तीन माणसांच्या ये-जाने प्रमाण कितीतरी बदलते, म्हणून ते विधान येथे लोकप्रवाद म्हणूनच नोंदवले आहे.