मस्करीची हद्द

आठ-नऊ महिन्यांचे मूल हातातले खेळणे आईपुढे धरते आणि ती घ्यायला गेली की हात मागे ओढून खुदकन हसते. बोलता येण्याआधीच माणसाला चिडवता येते, हे विकासमानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी तान्ह्या मुलांच्या निरीक्षणांतून दाखवून दिले आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या खोड्यांचेही १८ प्रकार नोंदवले गेले. खोडी काढणारा प्राणी बहुतेक वेळा समोरच्याच्या तोंडाकडे पाहून, त्याच्यावर काय परिणाम झाला हे जोखत असतो.

माणसांच्या थट्टेत टोचणारा शब्द असतोच, परंतु तो मनावर घेऊ नये हे सांगणाऱ्या खुणाही त्याच्या जोडीला असतात: मुद्दाम बदललेला आवाज, उघड अतिशयोक्ती, मिश्कील नजर. छळात या खुणा गळून पडतात किंवा केवळ देखाव्यापुरत्या उरतात.

शाळकरी मुलांमधील छळाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. १९८२ मध्ये उत्तर नॉर्वेतील तीन मुलांच्या आत्महत्यांमागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असे समोर आल्यावर तेथील सरकारने पुढच्याच वर्षी देशव्यापी मोहीम हाती घेतली. ओल्वेयस यांच्या व्याख्येत दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातील तफावत असे तीन निकष आहेत.

यांपैकी हेतूचा निकष प्रत्यक्षात सर्वांत कमी कामाचा ठरतो, असे मला वाटते. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवल्याप्रमाणे चिडवणाऱ्याला आपला हेतू आतून ठाऊक असतो, म्हणून त्याला आपले बोलणे निरुपद्रवी वाटते. ज्याला चिडवले जाते त्याच्या वाट्याला मात्र फक्त शब्द येतात. ‘अहो सर, आम्ही गंमत करत होतो’ हे उत्तर त्यामुळे पुष्कळदा प्रामाणिक असते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही.

बळातील तफावत मात्र डोळ्यांना दिसते. ‘ए ढोल्या’ म्हणणाऱ्या मित्राला तो मुलगा ‘काय रे काडी पैलवान’ असे ऐकवू शकत असेल आणि खरोखर वाईट वाटल्यावर ‘आता पुरे’ म्हटले की विषय थांबत असेल, तर ती मस्करी आहे. तोच शब्द वर्गात नव्याने आलेल्या मुलाला चौघे मिळून रोज मधल्या सुट्टीत ऐकवू लागले, तर त्याला उलट बोलण्याची सोय राहत नाही. तोही हसतो, पण ते हसणे अनेकदा आणखी वाभाडे निघू नयेत म्हणून असते. शिक्षक नेमके तिथेच फसतात.

बघ्यांचा वाटा मोठा असतो. कॅनडातील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाच्या २००१ मधील विश्लेषणात छळाच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, मात्र मध्ये पडण्याचे प्रसंग १९ टक्केच होते. जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला.