पडद्यासमोर उभा कोण? लाइव्ह माहितीपट आणि डॉक्युमेंटरी थिएटर

मंचावर पडदा, पडद्यावर खऱ्या घटनेची दृश्यं आणि समोर हाडामांसाची माणसं. एवढं दिसलं की आपण सरसकट 'डॉक्युमेंटरी थिएटर' म्हणून मोकळे होतो. पण समोर चाललंय ते डॉक्युमेंटरी थिएटर, म्हणजे खऱ्या घटनेवरचं नाटक, की लाइव्ह माहितीपट, हे पडद्यावरून ओळखता येत नाही. जर्मन दिग्दर्शक एर्विन पिस्काटोरने 1925 साली बर्लिनमध्ये 'ट्रॉट्स आलेडेम' करताना पहिल्या महायुद्धाची खरी चित्रफीत वापरली होती, तरी ते नाटकच होतं.

मी विचारते, साक्ष कोण देतंय? अमेरिकेत वायोमिंगमधल्या लॅरमी गावी 1998 साली मॅथ्यू शेपर्ड या तरुणाचा खून झाला. टेक्टॉनिक थिएटर या नाट्यसंस्थेची मंडळी तिथे गेली, दोनशेहून जास्त मुलाखती घेतल्या आणि त्यातून 2000 साली 'द लॅरमी प्रोजेक्ट' हे डॉक्युमेंटरी नाटक उभं राहिलं. बोल गावकऱ्यांचे, तोंड नटाचं. एकच नट आता पोलिस, मग धर्मगुरू होतो. समोरचा माणूस 'तो' नाही हे ठाऊक असूनही आपण हलतो, आणि मला या नाटकाचं बळ त्यातच वाटतं.

लाइव्ह माहितीपटात कुणी कुणाचं सोंग घेत नाही. अमेरिकी दिग्दर्शक सॅम ग्रीनने वास्तुरचनाकार आणि संशोधक बकमिन्स्टर फुलरवरच्या 2012च्या माहितीपटाचं निवेदन आधी मुद्रित करून ठेवलंच नाही. तो स्वतः मंचावर उभा राहून बोलतो आणि यो ला टेंगो हा बँड शेजारी वाजवत असतो. कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका आठवते: काचेवरची चित्रं पडद्यावर, निवेदन आणि संगीत जागच्या जागी. कथा पौराणिक, म्हणून तो माहितीपट नव्हे; पण पडद्याशेजारी बोलणारा माणूस आपल्याला परका नाही.

ग्रीनचा 'अ थाउजंड थॉट्स' (2018) तर याच्याही पुढे जातो. विषय क्रोनोस क्वार्टेट, चार तंतुवादकांचा अमेरिकी वाद्यवृंद. पडद्यावर त्याचा संस्थापक, तरुण डेव्हिड हॅरिंग्टन, आणि तोच हॅरिंग्टन, आता वय झालेला, समोर व्हायोलिन घेऊन बसलेला. कुठल्याही मुलाखतीत काळ असा अंगावर येत नाही.

म्हणूनच 'लॅरमी'ची संहिता परवानगी घेऊन कुठलीही नाट्यसंस्था करू शकते; अनेक कॉलेजांनी ती केलीही आहे. 'अ थाउजंड थॉट्स'च्या प्रयोगाला मात्र ग्रीन हवा, आणि क्रोनोसचे वादकही.